हाल्लाची उपाशी फौज : 'गुपी गाइन बाघा बाइन' आणि १९६९चा कोलकात्यातील प्रेक्षक

चित्रकथेवरून बेतलेला युद्धपट आणि त्यावरील प्रेक्षकांचा प्रतिसाद हा विषय निघाला की अलीकडच्या तौलनिक अभ्यासात पहिले उदाहरण दिले जाते ते '३००' या चित्रपटाचे. फ्रँक मिलर यांची चित्रकथा १९९८ साली पाच अंकांत प्रसिद्ध झाली आणि २००७च्या मार्चमध्ये झॅक स्नायडर यांचा चित्रपट पडद्यावर आला. थर्मोपिलीच्या लढाईतील स्पार्टन वीरांची पिळदार शरीरे आणि त्यांच्यासमोर विरूप, राक्षसी असे इराणी सैन्य हा चित्रकथेतला विरोध चित्रपटाने चौकटीबरहुकूम उचलला. इराणी नववर्षाच्या तोंडावर आलेल्या या चित्रपटावर तेहरानच्या वृत्तपत्रांतून आणि शासनाच्या वर्तुळातून तीव्र निषेध उमटला. ज्याला शत्रू म्हणून चितारले तोही प्रेक्षक असतो, ही साधी गोष्ट त्या निमित्ताने समीक्षेच्या लक्षात आली. मराठीभाषकांना तिचा प्रत्यय येण्यास २०१९ साल उजाडावे लागले. आशुतोष गोवारीकर यांच्या 'पानिपत' चित्रपटातील अहमदशहा अब्दालीच्या चित्रणाबद्दल त्या वर्षी अफगाण दूतावासाने चिंता व्यक्त केली, आणि सूरजमलाच्या चित्रणावरून राजस्थानात जाट समाज रस्त्यावर उतरला.

या दोन्ही उदाहरणांत प्रेक्षकाची प्रतिक्रिया एकाच प्रश्नाभोवती फिरते : पडद्यावरचा शत्रू कोण आणि तो कसा दिसतो. प्रस्तुत निबंधात कोलकात्यातील एका जुन्या उदाहरणाकडे वळावयाचे आहे, कारण तेथे हा प्रश्न प्रेक्षकाने विचारलाच नाही. त्याच्या जागी एक निराळा आणि माझ्या मते अधिक मूलभूत प्रश्न उभा राहिला : लढणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे? हे उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांचा 'गुपी गाइन बाघा बाइन'. रूढ अर्थाने ही चित्रकथा नव्हे. पण तिचे मूळ सचित्र कथेत आहे आणि चित्रपटाची घडणही चित्रकाराच्या वहीतून झालेली आहे. त्यामुळे रेखाटलेल्या पानावरून पडद्यावर आलेले युद्ध या प्रकारात तिचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ साली 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. 'संदेश' म्हणजे वार्ता आणि 'संदेश' म्हणजे छेन्याची मिठाई, हा बंगालीतील श्लेष पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे. उपेंद्रकिशोर स्वतः चित्रकार होते. छायाचित्रे व चित्रे छापण्याच्या हाफटोन तंत्रावर त्यांनी मूलभूत काम केले होते आणि त्यांचे त्यावरील लेख लंडनच्या मुद्रणविषयक वार्षिकांतून छापले जात. साहजिकच 'संदेश'मधले चित्र हे मजकुराच्या शेजारी बसवलेली शोभा नव्हते. कथा सांगण्याची निम्मी जबाबदारी त्याच्यावर असे. गुपी आणि बाघा यांची गोष्ट १९१५ साली याच मासिकातून आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उपेंद्रकिशोर निवर्तले. बेसूर गाणारा एक आणि बेताल ढोल बडवणारा दुसरा असे हे गावकुसाबाहेर हाकललेले दोघे, त्यांना भुतांकडून मिळालेले वर आणि त्या वरांच्या बळावर राजवाड्यापर्यंत झालेला त्यांचा प्रवास एवढाच मूळ कथेचा जीव आहे. युद्धाची तयारी त्या कथेत येते, पण अनेक गमतींपैकी एक म्हणून.

१९६१ साली राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह 'संदेश'चे पुनरुज्जीवन केले. गुपी-बाघावर चित्रपट करावा ही कल्पना त्याच दशकात रुजली. आपले वडील फक्त मोठ्यांसाठी उदास चित्रपट काढतात, अशी त्यांच्या लहानग्या मुलाची तक्रार त्यामागे होती असे राय सांगत. निर्माता मिळण्यास बराच काळ लागला. संपूर्ण चित्रपट रंगीत करण्याचा बेत खर्चापायी सोडावा लागला आणि फक्त शेवटचा प्रसंग रंगांत उरला. या सगळ्या घडामोडींत कथेतील युद्धाची जागा पालटली. हाल्ला आणि शुंडी या दोन राज्यांचे राजे येथे जुळे भाऊ झाले आणि दोन्ही भूमिका संतोष दत्त यांनीच केल्या. हाल्लाचा राजा मुळात भोळा. परंतु प्रधान (जहर राय) आणि बर्फी नावाचा जादूगार त्याला औषध पाजून रक्तपिपासू करतात. शुंडीची प्रजा रोगाने मुकी झालेली आहे आणि तिच्यापाशी सैन्यच नाही. म्हणजे युद्ध दोन राज्यांत नाहीच. ते एका माणसाच्या इच्छेत आहे आणि दुसऱ्याच्या पेल्यात आहे. (मराठी वाचकाला 'हाल्ला' हे नाव ऐकताच चढाई आठवते, बंगाली कानाला त्यातून आधी गोंगाट ऐकू येतो. दोन्ही अर्थ चित्रपटाला शोभतात.)

चित्रपट ८ मे १९६९ रोजी कोलकात्यात प्रदर्शित झाला. या तारखेच्या आजूबाजूला काय घडत होते ते ध्यानात घेतल्याशिवाय प्रेक्षकाच्या प्रतिसादाची मीमांसा होऊ शकत नाही. नक्षलबाडीचा उठाव होऊन दोन वर्षे झाली होती. फेब्रुवारी १९६९मध्ये अजय मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त आघाडीचे दुसरे मंत्रिमंडळ आले होते. आणि चित्रपट लागण्यापूर्वी अवघा एक आठवडा, १ मे रोजी, मैदानावरील सभेत भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन झाल्याची घोषणा झाली होती. सहाच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९६८मध्ये, जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून आलेल्या रॉबर्ट मॅक्नामारा यांच्याविरुद्ध व्हिएतनामच्या नावाने सारे शहर रस्त्यावर उतरले होते.

अशा शहरात युद्धाला नकार देणारी एक परीकथा येते आणि जवळजवळ वर्षभर चालते. तिची गाणी मुलांच्या ओठी इतक्या झपाट्याने बसली की शहरात ती न येणारे मूल सापडणे कठीण, अशा आशयाचे राय यांनी मेरी सीटन यांना लिहून कळवले होते. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. ॲडलेड, ऑकलंड, टोकियो आणि मेलबर्न येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. १९६९च्या बर्लिन महोत्सवाने मात्र त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले आणि युरोप-अमेरिकेत त्याला बंगालसारखा प्रेक्षक कधीच लाभला नाही. ही दरी केवळ भाषेची असती तर 'पथेर पांचाली'लाही तीच आडवी आली असती.

लोकप्रियतेचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते की कोलकात्याच्या प्रेक्षकाला चित्रपटातील शांततेचा संदेश भावला. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. १९६९चा कोलकात्यातील सुशिक्षित, डावीकडे झुकलेला प्रेक्षक युद्धविरोधी होता असे म्हणण्यास फारसा आधार नाही. याच प्रेक्षकाने १९६५ साली मिनर्व्हा रंगमंदिरात उत्पल दत्त यांचे नाविकांच्या बंडावरील 'कल्लोल' डोक्यावर घेतले होते आणि पुढच्याच वर्षी त्यांचे 'अजेय व्हिएतनाम' पाहिले होते. शस्त्र उचलणे ही त्याच्या लेखी पापाची बाब नव्हती. कोण उचलतो आणि कोणावर, एवढाच प्रश्न होता. मुलांविषयीही हेच म्हणता येईल. गुपी-बाघाची गाणी गाणारी मुलेच 'शुकतारा' मासिकात नारायण देबनाथ यांचा 'बाँटुल दि ग्रेट' वाचत होती. १९६५ साली सुरू झालेल्या या चित्रमालिकेतील दणकट नायकाला १९७१च्या बांगलादेश युद्धाच्या काळात अजिंक्यतेचे वलय चढले आणि तो पाकिस्तानी रणगाड्यांशी उघड्या छातीने भिडू लागला. त्याच मुलांनी त्याचाही जयजयकार केला. युद्ध सर्वच पक्षांना अमंगल ठरते, या चित्रपटाच्या उघड आशयसूत्राला जर प्रेक्षकाने मनापासून मान डोलावली असती तर बाँटुलला एवढे प्रेम मिळण्याचे कारण नव्हते.

मग प्रेक्षकाने मान डोलावली ती कशाला? त्याचे उत्तर युद्धाच्या प्रसंगातच शोधले पाहिजे.

हाल्लाची फौज निघते तो प्रसंग जैसलमेरच्या वाळवंटात, किल्ल्याच्या पायथ्याशी चित्रित झालेला आहे. उंटांचा तो प्रचंड ताफा जमविताना काय काय करावे लागले याची हकीकत राय यांनी पुढे मुलांसाठी लिहिलेल्या 'एकेइ बोले शुटिंग' या पुस्तकात सांगितली आहे. परंतु एवढी भव्य सामग्री जमवून दिग्दर्शकाने जे दाखवले ते भव्य नाही. उंट उठायला तयार नाहीत, शिपाई मलूल पडलेले आहेत. प्रधान स्वतः खातापिता आणि गुबगुबीत. त्याच्या हाताखालची माणसे हाडकुळी. गुपी गाऊ लागतो आणि वरदानाच्या प्रभावाने सारी फौज जागच्या जागी खिळते. येथवर हा चमत्कार संगीताचा आहे. एवढ्यावरच भागले असते तर कलेने हिंसेवर मिळवलेला विजय असा सुबक अर्थ लावून समीक्षक मोकळे झाले असते. पण गाणे थांबले की फौज पुन्हा हलणार, हे गुपी-बाघा जाणून आहेत. म्हणून ते दुसरे वरदान वापरतात आणि आकाशातून मिठाईची मडकी उतरू लागतात. शिपाई भाले टाकून मडक्यांकडे धावतात. औषधाचा अंमल उतरलेला राजाही त्या गर्दीत असतो.

फौजेला गाण्याने थांबवले आणि अन्नाने विसर्जित केले. या दोन क्रियांतील फरक कोलकात्याच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नाही. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी धान्यासाठी निघालेल्या मोर्चावर याच शहरात पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या आणि अनेकांचे प्राण गेले होते. १९६६च्या वसंतात तांदूळ आणि रॉकेल यांसाठी पुन्हा आंदोलन पेटले आणि त्यात गोळीला बळी पडलेल्यांत एक शाळकरी मुलगाही होता. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांनी कच्ची केळी खाण्याचा सल्ला दिल्याची जी टवाळी झाली ती बंगालच्या राजकीय लोकस्मृतीत आजही जिवंत आहे. १९६७च्या निवडणुकीत अजय मुखर्जी यांनी त्यांना आरामबागमध्ये पराभूत केले, त्यामागे हा भुकेचा हिशेब होता.

आणि मिठाईचे काय? येथे एक तपशील असा आहे की तो पुरेसा अधोरेखित झालेला नाही. दुधाच्या तुटवड्यावर उपाय म्हणून १९६५ साली सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. म्हणजे बंगालमध्येच संदेश आणि रसगुल्ला बेकायदा ठरला. मुलांच्या तोंडी दूध पडावे हा हेतू वाईट नव्हता. पण मिठाईची दुकाने आणि त्यांतले कारागीर यांवर जे ओढवले त्याने मोठा असंतोष माजला. बंगाली घरात बारसे, लग्न, परीक्षेचा निकाल आणि पाहुणा यांपैकी काहीच छेन्याविना साजरे होत नाही. पुरणपोळीवर सरकारी हुकुमाने बंदी आली तर आपल्याकडे काय होईल याची मराठी वाचकाने कल्पना करावी. या बंदीनंतर अवघ्या चार वर्षांनी, 'संदेश' नावाच्या मासिकातून आलेल्या गोष्टीत, आकाशातून मिठाईची मडकी पडताना जो प्रेक्षक पाहत होता, त्याला ते दृश्य निव्वळ अद्भुतरसाचे वाटले असेल असे मानणे कठीण आहे. मूळ कथेच्या १९१५ सालच्या वाचकाला मिठाई ही मौज होती. चित्रपटाच्या प्रेक्षकाला ती हिरावून घेतलेली आणि परत मिळालेली वस्तू होती. माध्यमांतराचा अभ्यास करताना आपण पान आणि पडदा यांच्यातील तांत्रिक भेदाकडे पाहतो. येथे भेद दोन्ही प्रेक्षकवर्गांच्या ताटांत आहे.

हे मान्य केले म्हणजे डाव्या प्रेक्षकाचे वर्तन विसंगत वाटत नाही. 'अजेय व्हिएतनाम' पाहणाऱ्याला हाल्लाची फौज विसर्जित होताना आनंद का व्हावा? कारण ते युद्ध फौजेचे नव्हतेच. जो पोटभर जेवतो त्याचे युद्ध जो उपाशी आहे त्याच्या हातून लढवले जात होते, आणि उपाशी माणसाने भाला टाकला. याला शांततावाद म्हणा की वर्गजाणीव, चित्रपट दोन्ही वाचनांना वाव देतो, आणि त्याची लोकप्रियता बव्हंशी या दुहेरीपणावर उभी आहे. समीक्षकांचे मात्र तेवढ्याने समाधान झाले नाही. शहर पेटलेले असताना राय भुताखेतांत आणि त्यानंतर 'अरण्येर दिनरात्रि'मधल्या सहलीत रमतात, असा आक्षेप त्या काळात घेतला जाई. १९७०च्या 'प्रतिद्वंद्वी'त राय बेकार तरुणाकडे वळले तेव्हा तो आक्षेप सैलावला. पण या टीकाकारांनी गुपी-बाघात वर्तमान शोधले ते चुकीच्या ठिकाणी. त्यांना घोषणा हवी होती; वर्तमान मडक्यात होते.

चित्रपटातील भुतांच्या नृत्याबद्दल येथे थोडे सांगणे भाग आहे, कारण तेथे युद्धाचे दुसरे एक दर्शन आहे आणि ते मिठाईच्या प्रसंगाइतके आशादायी नाही. मूळ कथेतल्या भुतांच्या नाचापासून राय यांनी सुमारे साडेसहा मिनिटांचा प्रसंग रचला. भुतांचे चार वर्ग पडद्यावर येतात : राजे, सामान्य रयत, साहेब, आणि लठ्ठ पोटांचे भटभिक्षुक-सावकार. मृदंगम, घटम, खंजिरी आणि मोरसिंग या दाक्षिणात्य वाद्यांपैकी एकेक एकेका वर्गाला नेमून दिलेले आहे. नाच रंगत जातो आणि प्रत्येक वर्ग आपसातच लढून मरतो. मेलेल्यांनी पुन्हा एकमेकांना मारावे हा विनोद काळा आहे. पण लक्षणीय गोष्ट अशी की या नाचात कोणी कोणाला जेवू घालत नाही, आणि म्हणून तेथे लढाईही थांबत नाही. पुढे येणाऱ्या प्रसंगाची ही उलटी प्रतिमा आहे. युरोपीय रसिकांना हा तुकडा विशेष आवडला आणि उरलेला चित्रपट लांबलेला वाटला, असे जे अनेकदा म्हटले जाते त्याचे मर्म येथे असावे. नृत्याचा आस्वाद घेण्यास रेशनच्या रांगेची स्मृती लागत नाही.

मराठी अभ्यासकाला या साऱ्यातून एक वेगळी वाट दिसते. उपाशी फौज हा विषय आपल्या वाङ्मयाला परका नाही. नोव्हेंबर १७६०पासून पानिपतावर अडकून पडलेल्या मराठी छावणीची रसद तुटली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलासुरला पुरवठाही आटला. उपासाने मरण्यापेक्षा लढून मरावे, या निर्धाराने १४ जानेवारी १७६१ रोजी फौज छावणीबाहेर पडली. भाऊसाहेबांच्या बखरीने आणि पुढे कादंबरीकारांनी ही उपासमार सांगितली आहे, पण ती शौर्याची पार्श्वभूमी म्हणून. भूक तेथे वीराला रणांगणाकडे ढकलते. हाल्लाच्या शिपायाला अन्न रणांगणाबाहेर ओढते. दोन्ही ठिकाणी युद्धाचा निर्णय पोटाने घेतला. तरी एका परंपरेने त्यातून हौतात्म्य निर्माण केले आणि दुसरीने हशा. ही तुलना करताना बंगालीला झुकते माप देण्याचा हेतू नाही. पानिपतावर आकाशातून मडकी उतरली नाहीत, आणि जे घडले नाही ते बखरकाराने लिहावे अशी अपेक्षा करता येत नाही. परंतु मराठी युद्धकथेच्या प्रेक्षकाला सदाशिवरावभाऊचे घोड्यावरचे चित्र जितके परिचित आहे, तितके बाजारबुणग्यांच्या उपाशी तोंडांचे चित्र परिचित नाही, हे तरी नोंदवले पाहिजे.

शत्रूच्या प्रतिमेचा प्रारंभी टाकलेला प्रश्न येथे पुन्हा येतो. बंगाली बालकाच्या कानावर पडणाऱ्या अंगाईत पश्चिमेकडून घोड्यांवर येऊन पीक लुटणारे बर्गी आहेत, म्हणजे १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर चालून गेलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा आहेत. पागोटे बांधून वाळवंटातून येणाऱ्या हाल्लाच्या सैन्यात त्या बर्गींची सावली पाहण्याचा मोह मराठी प्रेक्षकाला होऊ शकतो. माझ्या मते चित्रपट तो मोह फार काळ टिकू देत नाही. हाल्ला जैसलमेरचे असले तरी शुंडीही राजस्थानातच, बुंदीला चित्रित झाली आहे. आक्रमक आणि आक्रांत राजांचा तर चेहराही एकच आहे. तेहरानने किंवा काबूलने हरकत घ्यावी असे येथे कोणी उरत नाही. शिवाय ज्या क्षणी तो परका शिपाई मडक्यात हात घालतो आणि बोटे चाटतो, त्या क्षणी तो कोलकात्याच्या कोणत्याही गल्लीतला होऊन जातो. अंगाईतला बर्गी धान्य लुटतो. हाल्लाच्या शिपायाला ते कोणीतरी देतो.

या जोडीची पुढची कथा 'हीरक राजार देशे' (१९८०) ही आणीबाणीनंतरची आहे आणि तीत युद्ध नाही. तेथे उपाशी राहणारा शेतकरी आहे, खाणीतला मजूर आहे, आणि भुकेविषयी बोलू नये म्हणून माणसांचे मेंदू धुणारे यंत्र आहे. पहिल्या चित्रपटात जे मिठाईआड होते ते येथे उघड झाले, आणि प्रेक्षकाने ते तितक्याच सहजपणे ओळखले. मूळ कथा पुन्हा रेखाटनाकडे परतली ती शिल्पा रानडे यांच्या 'गोपी गवैया बाघा बजैया' या हिंदी चित्रपटात. २०१३ साली टोरांटो महोत्सवात दाखवला गेलेला हा ॲनिमेशनपट भारतातील चित्रपटगृहांत पोहोचला तो १ मार्च २०१९ रोजी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'पानिपत' लागला. पहिल्याला मोजके प्रेक्षक मिळाले, दुसऱ्याला दूतावासाचे निवेदन.